साक्षीदार सेल

कामावर तिला सगळे ‘सासूबाई’ म्हणत. तोंडावरच म्हणत, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती. बाईंचं लग्न झालेलं नाही, तर सून कुठून येणार? पण टेबलावर आलेला प्रत्येक फ्यूज, प्रत्येक डायोड, प्रत्येक कंडेन्सर ती अशा नजरेनं उलटासुलटा करून बघे, की हे नाव आपसूक चिकटलं. घरी ती ताई. आपणही ताईच म्हणू, कारण ही गोष्ट शेवटी घरीच जाऊन पोचते.

कारखाना म्हणायचा तो मान राखायला. एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालकांचं टेबल आणि आल्यागेल्या मालाची खोकी, मागच्या खोलीत कामाची दोन टेबलं. वीज गेली की आपोआप लागणारे दिवे असतात ना, जिन्यात, दवाखान्यात, मोठ्या दुकानांच्या दारांवर, ते जुने झाले की इथे येत. ते उघडायचे, आतलं काय चांगलं काय गेलेलं ते बघायचं, गेलेलं बदलायचं आणि दिवा परत पाठवायचा. बघायचं काम ताईचं. कथलाचा डाग देऊन जोडायचं काम दुसऱ्या टेबलावरच्या डागवाल्याचं. तो तिच्यापेक्षा बराच लहान, तोंडाळ, आणि त्याच्या कपड्यांना कायम जळक्या राळेचा वास.

ताई बोर्डावरचा भाग कधी जागच्या जागी तपासत नसे. आधी त्याचा एक तारेचा पाय उचलून मोकळा करायची आणि मगच मीटरची टोकं लावायची. “जागेवर असताना कुणी खरं बोलत नाही,” ती म्हणे, “शेजारपाजारचे सगळे मिळून एकच आकडा सांगतात.” मीटरची दोन्ही टोकं दोन हातांच्या चिमटीत धरायची नाहीत, नाहीतर भागाऐवजी आपल्याच अंगाचं माप येतं, हे तिनं डागवाल्याला शिकवलं होतं. त्यानं लगेच दोन्ही टोकं धरून स्वतःचं माप काढलं आणि विचारलं, “सासूबाई, मी पास का नापास?”

“तू भंगारात,” ताई म्हणाली.

हे सगळं ती शिकली होती पहिल्या नोकरीत, एका कडक बाईच्या हाताखाली. त्या बाईचा नियम असा, की भाग तपासण्याआधी मीटर तपासायचा. सकाळी आल्या आल्या मीटरची लाल आणि काळी टोकं एकमेकांना टेकवायची, मीटर टीऽऽ करून वाजला पाहिजे. मग खणातून एक साधा पेन्सिल सेल काढायचा. हा सेल कशालाच वापरायचा नाही, नुसता मोजायला ठेवायचा. त्याचा आकडा आपल्याला पाठ असतो. मीटर तोच आकडा सांगतो का बघायचं, सांगितला तर आजच्यापुरता मीटर शहाणा. त्या सेलला ती बाई ‘साक्षीदार’ म्हणे. ताईनंही आपल्या खणात तसा एक साक्षीदार ठेवला होता. तो दुसऱ्या सेलांत मिसळू नये म्हणून धाकट्या बहिणीच्या बाटलीतल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका त्याच्यावर दिला होता.

एके दिवशी तो साक्षीदार घरी गेला, आणि खरं तर तिथूनच सगळं बिनसलं.

घरी तिघं. बाबा, ताई आणि बेबी. बेबीचे केस कानांवर पिकले होते, गुडघे कुरकुरत होते, पण धाकटी म्हणून ती बेबीच राहिली. बाबांचं अर्धं अंग गेल्यापासून ते पलंगावरच होते. बोलणं शाबूत होतं, पण संथ. एक शब्द आला की दुसऱ्यासाठी थांबायला लागे. ताई नोकरी करी, बेबी घर बघे. कुणी असं ठरवलं नव्हतं. ताईला आधीपासून नोकरी होती आणि बेबीचं शिवणकाम घरातच चालायचं, म्हणून ते तसं पडलं. पुढे शिवणयंत्रावर चादरींचा ढीग बसला आणि शिवणकाम राहिलं बाजूला.

बाबांना हाक मारायला त्रास होई, म्हणून ताईनं बिनतारी घंटी आणली होती. बटण बाबांच्या उशाशी, घंटीचा डबा स्वयंपाकघरातल्या भिंतीवर. बटण दाबलं की डब्यातून चिमणीसारखी चिवचिव होई. पहिले दोन दिवस सगळ्यांना ती गोड वाटली. नंतर ती पाण्यासाठी वाजे, कूस बदलायला वाजे, खिडकी उघडायला वाजे, उघडलेली बंद करायला वाजे, आणि कधी कधी नुसतीच वाजे. बेबी गेली की बाबा म्हणत, “काही नाही. बघितलं.” एकदा डब्यातला एक सेल गेला आणि घरात दुसरा नव्हता. त्या दिवशी दुकानात थांबायचं ताईच्या जिवावर आलं. तिनं खणातला साक्षीदार उचलला, घरी आणून डब्यात घातला, आणि उद्या नवा आणू म्हणाली. उद्या गेला, परवा गेला. खणातली जागा रिकामी राहिली ती राहिलीच.

सकाळी ती टोकं तेवढी टेकवायची. मीटर वाजायचा. चला, अर्धा नियम तरी पाळला, असं मनाला सांगून ती कामाला लागायची. माणूस दमलं की नियम आधी अर्धा होतो आणि मग नुसता आठवणीपुरता उरतो. ताई तर फार दमली होती. पायांना सूज, पाठीत कळ, आणि सकाळी डोळे उघडल्यावर पहिला विचार हा, की आज संध्याकाळ कधी होईल. संध्याकाळी घराचा जिना चढताना विचार असे, की उद्याची सकाळ कधी होईल. यातलं दुसरं ती कुणाला सांगत नसे.

घरी पोचली की चपला काढता काढता ती विचारायची, “कशी आहेस गं?”

“बरी आहे की,” बेबी म्हणायची.

“बाबा?”

“बरे आहेत.”

झालं. हे विचारणं होई ते बाबांच्या पलंगाजवळच, कारण घरात शिरलं की पहिली खोली तीच. बेबीचा आवाज खणखणीत असे. पुढ्यात गरम चहा येई. ताईला वाटे, हिची कमाल आहे, आपण बाहेर जाऊन एवढ्या मेटाकुटीला येतो आणि ही घरात बघा कशी टवटवीत. कधी कधी तर तिला बेबीचा हेवाही वाटे. दुपारी आडवं व्हायला तरी मिळत असेल, असं मनात येई.

अशातच मालकांनी तिला पुढच्या खोलीत बोलावलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला ते नवी जागा घेत होते, आहे त्यापेक्षा मोठी. तिथल्या तपासणीचं सगळं त्यांना ताईच्या हाती द्यायचं होतं. हाताखाली माणसं मिळणार होती, स्वतंत्र खोली मिळणार होती. पण जाणं-येणं लांबचं. उजाडायच्या आत निघायचं आणि परत यायला बाबांची झोपायची वेळ टळून जाणार.

“शनिवारपर्यंत सांगा,” मालक म्हणाले. “घरी विचारून घ्या.”

घरी विचारलं. बेबी भांडी घासत होती. तिचे हात क्षणभर थांबले आणि मग पुन्हा चालू झाले.

“घे की,” ती म्हणाली. “अशी संधी काय रोज येते? मी आहे ना इथे.”

“जमेल तुला? दिवसभर एकटीला?”

“आत्ता काय वेगळं करते?”

ताईनं ते ‘हो’ म्हणून धरलं. धरायचंच होतं तिला. खोटं कशाला बोला, तिला ती नोकरी खोलीसाठी नको होती आणि मानासाठीही नको होती. घरात कमी वेळ राहायला मिळणार होतं, म्हणून हवी होती. हा विचार मनात आला की ती स्वतःवरच चिडायची, आणि चिडून झालं की पुन्हा शनिवार किती लांब आहे ते बघायची.

शनिवारच्या आधीच बोंब झाली. एका दवाखान्याला पाठवलेले दिवे परत आले, सगळेच्या सगळे, एका खोक्यात कोंबून. वीज गेली तेव्हा दिवे लागले म्हणे, पण थोड्याच वेळात पिवळे पडले आणि विझले. जिन्यात अंधार झाला, एक नर्स पायरी चुकून पडली आणि तिचा पाय मुरगळला. नशीब, की त्या वेळी जिन्यातून कुणी पेशंटला उतरवत नव्हतं. मालकांनी फोनवर शिव्या खाल्ल्या होत्या, आणि त्या आता ते पुढे वाटत होते.

“घोडं पेंड कुठे खातंय ते मला आज कळलं पाहिजे,” ते म्हणाले आणि डागवाल्याकडे बघत राहिले. दिवे जोडणारा तो, म्हणून चूक त्याची, असा सरळ हिशोब.

“मी काय केलं?” डागवाला म्हणाला. “चार्जिंग बघा ना, उत्तम आहे. बॅटऱ्याच दमलेल्या आहेत.”

“बॅटऱ्या मी तपासल्या आहेत,” ताई म्हणाली.

तिचा आवाज चढला होता. बॅटरी ती नुसती मोजत नसे, आधी तिच्यावर दिवा लावून ठेवायची, काम करायला लावायची, आणि दमल्यावर मोजायची. बारा व्होल्ट किंवा त्याच्या वर आकडा आला तरच पास. या बॅटऱ्या पास झाल्या होत्या. तिला नीट आठवत होतं, सगळ्या बाराच्या वर होत्या.

डागवाल्यानं परत आलेल्या बॅटऱ्यांतली एक उचलली, चार्ज करून घेतली, तिच्यावर दिवा लावला आणि थोड्या वेळानं आपला मीटर लावला. आकडा सव्वाअकरा आला.

“तुझा मीटर रस्त्यावरचा,” ताई म्हणाली. “दे इकडे.” तिनं आपला लावला. बारा पूर्णांक एक.

“बघ.”

“म्हणजे माझा खोटा आणि तुमचा खरा?”

“माझा किती वर्षं आहे माझ्याकडे!”

“तेच म्हणतोय मी,” डागवाला म्हणाला.

दोन मीटर आणि दोन आकडे. अशा वेळी काय करायचं ते ताईला झोपेतही सांगता आलं असतं. तिनं खण ओढला. खणात स्क्रू होते, एक जुना चष्मा होता, डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट होतं. लाल ठिपक्याचा सेल नव्हता. तो घरी, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, चिवचिव करत होता. ताई रिकाम्या खणाकडे बघत उभी राहिली.

मग तिनं मीटर उचलून डोळ्यांजवळ धरला. त्याच्या काचेचा वरचा कोपरा केव्हातरी पडून तडकला होता आणि तिनंच त्यावर चिकटपट्टी लावली होती. पट्टी आता पिवळी पडली होती, कडेला धूळ धरून काळी झाली होती. तिनं नखानं ती उचकटली. खाली, काचेच्या कोपऱ्यात, बॅटरीचं एक बारीक चित्र दिसत होतं. मीटरच्या स्वतःच्या पोटातली बॅटरी संपत आली की ते उमटतं. ते कधीपासून उमटलेलं होतं, कोण जाणे.

डागवाला तिच्या खांद्यावरून डोकावला. “अरेच्चा. दिव्याखाली अंधार.”

तिनं मीटरच्या पाठीचा स्क्रू काढला, आतली चौकोनी बॅटरी काढली आणि नवी घातली. पुन्हा टोकं लावली. सव्वाअकरा. दुसरी बॅटरी, अकरा. तिसरी, तीही अकराच्या जवळपास. ज्या ज्या बॅटरीला तिनं धडधाकट म्हणून पाठवलं होतं, ती प्रत्येक अर्धमेली होती.

“असंच असतं,” डागवाला म्हणाला. त्याच्या आवाजातली चेष्टा आता गेली होती. “मीटरची स्वतःची बसली की तो समोरच्याचं कमी नाही दाखवत, जास्त दाखवतो. त्याच्यापुढे सगळेच ताजेतवाने.”

हे ताईला ठाऊक नव्हतं असं नाही. तिनंच कधीतरी त्याला सांगितलं असेल. पण आज ते तिला तोंडात मारल्यासारखं लागलं, आणि ती स्टुलावर खाली बसली.

मालक आत आले. झालं ते तिनं सरळ सांगितलं, चूक माझी, डागवाल्याची नाही. मालक ओरडले नाहीत. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. “सासूबाई, तुम्ही आज घरी जा,” ते म्हणाले. “बॅटऱ्या हा बघेल. तुमचा चेहरा पार उतरलाय.”

ताई कधी दुपारची घरी गेली नव्हती. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली, ऊन मांडीवर येत होतं. मीटर तिनं पिशवीत घातला होता, का ते तिला सांगता आलं नसतं. सगळ्या रस्त्याभर तिला एकच गोष्ट आठवत होती. आपण विचारतो, कशी आहेस? ती म्हणते, बरी आहे. आपण म्हणतो, पास. रोज संध्याकाळी, चपला काढता काढता, बाबांच्या पलंगाजवळ उभ्या राहून. बेबीचा पाय मोकळा करून एकदा तरी तिला विचारलंय का? आणि विचारणारीच्या पोटात काय उरलंय, ते कुणी बघितलंय?

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत भांड्यांचा आवाज नाही, नळाचा नाही. बाबा जागे होते, छताकडे बघत. त्यांचा चांगला हात उशाशी होता आणि अंगठा बटणावर. ताई बघत होती तेवढ्यात त्यांनी ते दाबलं. स्वयंपाकघरातून काहीच आवाज आला नाही.

“अजून... वाजली नाही,” बाबा म्हणाले.

“थांबा, बघते,” ताई म्हणाली. तिनं त्यांना पाणी पाजलं, ओठ पुसले, उशी सारखी केली. बाबांनी तिला आज लवकर कशी, असंही विचारलं नाही. ते दाराकडे बघत होते.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओट्यावर झाकलेलं ताट होतं, जेवण तसंच. ताईनं भिंतीवरचा डबा काढला. सेल संपला असणार, असं म्हणत तिनं पिशवीतून मीटर काढला आणि डब्याचं झाकण उघडलं. एक सेल जागेवर होता. दुसऱ्याची जागा रिकामी होती. लाल ठिपक्याच्या सेलची. सेल काही आपल्या पायांनी उठून जात नाहीत.

ती तशीच बाहेर आली. बेबीच्या चपला दारातच होत्या, म्हणून ती खाली न जाता जिना चढून वर गेली. गच्चीच्या दाराला कुलूप असे, त्यामुळे वरच्या पायऱ्यांवर कुणी येत नसे. तिथे बेबी बसली होती. भिंतीला डोकं टेकलेलं, केस सुटलेले, पायांत चपला नाहीत. ती झोपलेली नव्हती आणि रडतही नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघत होती. मांडीवर एक मूठ घट्ट मिटलेली होती.

बेबीनं मान वळवली आणि ताडकन उठायला गेली. “तू? आत्ता? बाबा हाक मारताहेत का? मी आत्ताच आले गं वर, जरा...”

“बस,” ताई म्हणाली.

सवयीनं तोच प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. तिनं तो गिळला. उत्तर तिला पाठ होतं. ती बेबीच्या शेजारी पायरीवर बसली. जिना अरुंद होता, दोघींचे खांदे एकमेकांना लागले.

“बेबी, मी फार थकले आहे,” ताई म्हणाली. “मला संध्याकाळी घरी यायला नको वाटतं. जिना चढताना माझे पाय उचलत नाहीत, ते सुजलेत म्हणून नाही. ती नवी जागा मला हवी होती ना, ती घरापासून लांब आहे म्हणून. दुसरं काही नाही.”

बेबी बघत राहिली. लहानपणापासून ताईच्या तोंडून तिनं असं काही ऐकलं नव्हतं. ताई म्हणजे घराचा खांब, आणि खांबाला काय होतं? मग तिनं मूठ उघडली. सेल घामानं ओला झाला होता, ठिपका अर्धा खरवडलेला.

“रोज काढते मी,” ती म्हणाली. “दुपारी. मग इथे येऊन बसते. ते दाबत असतात, मला माहीत असतं. ऐकू आलं नाही तरी कानात वाजतच असते ती. पहिल्यांदा थोडाच वेळ बसायचे. आता उठवतच नाही.” तिचा आवाज फुटला. “काल त्यांची चादर ओली झाली, ताई. मी इथेच होते. ते तसेच पडून होते. मी गेल्यावर काही बोलले नाहीत, ‘आलीस’ एवढंच म्हणाले. मला वाटलं, मी माणूस आहे का कोण आहे!”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू इतकी दमून येतेस. तुझं तोंड बघितलं की वाटायचं, हिला आणखी काय सांगू? मग म्हणायचे, बरी आहे.”

ताईनं तिचा हात धरला. मग ताईनं फोन काढला आणि तिथूनच मालकांना लावला.

“नवी जागा नको मला,” ती म्हणाली. “शनिवारपर्यंत थांबायला नको, आत्ताच सांगते. उलट मला एक दिवसाआड दुपारची सुटी हवी आहे.”

“सासूबाई, मी तुम्हाला बढती देतोय आणि तुम्ही सुटी मागताय? ही कुठली उलटी गंगा?”

“उलटी तर उलटी. पगार कापा.”

“कापीनच,” मालक म्हणाले. “आणि नव्या जागेवर मी दुसरं माणूस बघणार, मग मागाहून येऊ नका.” त्यांनी फोन ठेवला. सुटीला नाही मात्र ते म्हणाले नव्हते.

फोन पिशवीत टाकताना ताईला वाईट वाटलं. ती स्वतंत्र खोली एकदा तरी बघायची होती. तिला खिडकी होती म्हणे.

“आता तू जा,” ती बेबीला म्हणाली.

“कुठे?”

“बाहेर. खाली उतर, चप्पल घाल, आणि जा.”

“पण कुठे जाऊ?” बेबी खरोखरच विचारत होती. “मला काही आणायचं नाहीये.”

“म्हणूनच जा.”

बेबी उठली. दारातून चपला घेतल्या, दोन पायऱ्या उतरली, पुन्हा वर आली. कोपऱ्यापर्यंत जाऊन येते म्हणाली. मग जिन्यावरून तिची पावलं वाजली, आधी सावकाश, मग भराभर, आणि खालचं दार आपटलं.

ताई स्वयंपाकघरात आली आणि बेबीकडून घेतलेला सेल तिनं पदराला पुसला. मीटर पिशवीतून बाहेर होताच, नवी बॅटरी घातलेला. तिनं दोन्ही टोकं टेकवली, तो वाजला. मग साक्षीदाराला लावली. इतके दिवस चिवचिवाट करून त्याचा आकडा खाली आला होता, पण अजून त्याच्यात धुगधुगी होती. तिनं तो डब्यात घातला आणि डबा भिंतीवर अडकवला. अडकवते न अडकवते तोच चिमणी ओरडली. बाबांचा अंगठा अजून बटणावरच होता.

ती त्यांच्या खोलीत गेली. बाबांचा चेहरा सैल पडला होता.

“आली,” ते म्हणाले.

“मी आहे बाबा. ताई. घंटीचा सेल निघाला होता, आता बसवलाय.”

“निघत नाही. ती काढते.” बाबा शब्दासाठी थांबले. “दुपारी. रोज. मला... ठाऊक आहे.”

ताई पलंगाच्या कडेवर बसली. “ठाऊक आहे तर दाबता कशाला हो? वाजत नाही, तरी?”

“वाजली... की कळतं,” बाबा म्हणाले. “परत आली.”

ते पाणी मागत नव्हते, उशीही मागत नव्हते. रोज दुपारी पडल्या पडल्या ते एवढंच तपासत होते, की आपली धाकटी निघून गेली आहे की अजून आहे.

“तिला बोलला नाहीत कधी,” ती म्हणाली.

“बोललो... तर बसेल इथेच. जाणार नाही. जाऊ दे की... थोडं.” मग त्यांनी दाराकडे पाहिलं. “कुठे आहे?”

“बाहेर पाठवलंय तिला. चप्पल घालून गेली आहे. कोपऱ्यापर्यंत जाते म्हणाली, पण मला वाटतं त्याच्याही पुढे जाईल.”

“येईल?”

“येईल, बाबा.”

बाबांनी बटणावरचा अंगठा काढला. चांगल्या हातानं बटण उशाखाली सरकवलं, आत, हाताला सहज लागणार नाही इतकं आत.

“सावकाश येऊ दे,” ते म्हणाले.